गुरुवारी तापलेला सौना

घोटाळा घातला तो हे सांगणाऱ्यानेच, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. मिनेसोटातल्या हार्जू गावच्या रस्तेखात्याच्या शेडमध्ये हा सांगणारा कारकून. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी तपासणी कंपनीचा फोन आला, की यंदाच्या हिवाळ्यात लघवी-तपासणीसाठी ज्या ड्रायव्हरांची नावं निघाली आहेत ती लिहून घ्या. कारकुनाने हाताला लागला तो कागद ओढला, पाच नावं एकाखाली एक लिहिली, तळाशी लिहिलं, ‘गुरुवार, सकाळी सात, लोरेटा’. तेवढ्यात मुकादमाची हाक आली. कारकुनाने टेबलावरचे दोन कागद उचलले. नावांचा कागद मुकादमाच्या बंद पाकिटात जायचा होता. दुसरा होता शुक्रवारच्या जेवणाचा कोरा तक्ता. त्यावर कोण काय आणणार ते ज्याचं त्याने लिहायचं, म्हणून तो कॉफीच्या यंत्राशेजारी टाचायचा होता. पाकिटात कोरा तक्ता गेला आणि भिंतीवर नावं गेली.

तासाभरात आर्लन हाकालाच्या नावापुढे कुणीतरी ‘बीन्स’ लिहिलं. डुएनने आपल्या नावापुढे स्वतःच ‘कागदी प्लेटा’ लिहिलं, कारण गेली बारा वर्षं तो प्लेटाच आणतो आणि तीन माणसांचं जेवतो. मग कॉरीन कॉफी घ्यायला आली. चार नंबरच्या रस्त्यावर बर्फाचा नांगर चालवणारी ही बाई. बोलते कमी, वाचते सगळं. तिने तळाची ओळ वाचली आणि म्हणाली, “लोरेटा कधीपासून आपल्याकडे जेवायला यायला लागली?”

कॉफी घेणारे सगळे कागदाकडे वळले. तपासणी कंपनीच्या लोरेटाला त्या भागात सगळे ओळखतात, आणि ती डबा घेऊन येते तो रिकामा असतो, भरून नेते.

नावं आधी फुटता कामा नयेत, हाच त्या तपासणीचा सगळा जीव. मुकादमाने कागद ओरबाडून काढला आणि “कुणी काही पाहिलेलं नाही,” असं चौदा जणांना दरडावून सांगितलं. नावं बदलून घ्यायची म्हणजे वर कळवायला हवं, आणि वर कळवायचं म्हणजे आपलीच मान पुढे करायची. तेव्हा नावं तीच राहिली.

पाचांतला एकच जण घरी जाताना गाडीत बसून इंजिन चालू न करता दहा मिनिटं नुसता समोर बघत राहिला. तो आर्लन.

आर्लन हाकाला म्हणजे आठ नंबरचा रस्ता. एकतीस हिवाळे तो हार्जूपासून बावीस मैलांचा पट्टा नांगरतो आहे. पुढे नांगर, मागे मीठ-वाळू. शाळेची बस निघायच्या आत रस्ता काळा दिसलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. कुठल्या विधवेच्या फाटकापाशी नांगर किंचित तिरपा धरायचा म्हणजे तिच्यापुढे ढीग पडत नाही, कुठल्या वळणावर हरणं उभी असतात, कुणाची टपालपेटी सैल झाली आहे, हे त्याला तोंडपाठ. एकतीस वर्षांत त्याने एकच टपालपेटी पाडली, आणि ती त्याच्या सासऱ्याची होती. ती चूक होती की कसं, यावर त्याच्या बायकोच्या, मार्लीसच्या, माहेरी अजून दोन मतं आहेत.

बाप लोखंडाच्या खाणीत खोकून मेला, म्हणून हा खाणीत गेला नाही. वय एकसष्ट. पेन्शनला एकोणीस महिने राहिलेले. आयुष्यात गांजा ओढला तो एकदाच, शाळेत असताना, हॉकीच्या मैदानामागे, आणि त्यानंतर ओकला तो स्वतःच्याच नव्या स्केट्समध्ये. तेव्हापासून कानाला खडा.

मग भ्यायचं कारण काय? तर कायदा. ऑगस्टपासून मिनेसोटा राज्याने गांजा मोकळा केला होता. एकविशीच्या वरच्या कुणीही घरी ओढावा, गोळ्या चघळाव्यात, परसात आठ रोपं लावावीत. मालकांनाही सांगितलं, की कामाबाहेर कोण काय चघळतो ते तुम्ही हुंगत बसू नका. कारकून सुटला, हिशेबनीस सुटला, मुकादमसुद्धा सुटला. सुटले नाहीत ते जड गाडीचा परवाना असलेले. त्यांच्यावर राज्य वॉशिंग्टनचं, आणि वॉशिंग्टनच्या लेखी गांजा अजून गांजाच. डुएन म्हणायचा, “कारकुनाने ओढला तर त्याचा हक्क, आम्ही नुसता हुंगला तरी आमची नोकरी. एकाच छपराखाली दोन देश.” एक नमुना वाईट निघाला की परवाना गोठणार, परवान्याशिवाय नांगर नाही, आणि ती नोंद देशभरच्या मालकांना दिसणार. एकसष्टाव्या वर्षी असल्या माणसाला कोण गाडी देतो?

आणि मार्लीसचे गुडघे गेलेले होते. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सव्वीस वर्षं उभ्याने काढली होती. नोव्हेंबरात तिने शहरातल्या दुकानातून गांजाच्या गोळ्या आणल्या; कायद्याने, रीतसर, पावतीसकट. काळ्या मनुकांच्या रंगाच्या, मऊ. नवऱ्याला मात्र सांगितलं नाही. आर्लनला पाकीट दिसलं होतं, पुसायच्या फडक्यांच्या खणात. त्यानेही सांगितलं नाही. पुढे पाकीट नाहीसं झालं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचा एक डबा असायचा तिथे तसेच दोन डबे दिसू लागले.

शनिवारी हॉकीचा सामना बघता बघता आर्लनने न बघता एका डब्यात हात घातला होता आणि दोन गोळ्या तोंडात टाकल्या होत्या. त्या वेळी त्याला काहीच वाटलं नाही. सोमवारी भिंतीवर आपलं नाव वाचल्यावर मात्र एकदम आठवलं, की त्या गोळ्या नेहमीपेक्षा गोड होत्या.

सरळ बायकोला विचारायचं, तर आधी कबूल करावं लागणार की मी तुझा खण उघडून पाहिला आणि दोन महिने मूग गिळून बसलो. औषधाच्या दुकानातून घरी तपासायची पट्टी आणावी, तर दुकानात गल्ल्यावर डुएनची मेहुणी. तिथे ती पट्टी घेणं म्हणजे चर्चच्या घंटेला लटकून गावाला सांगण्यासारखंच. त्याने डबे उघडून पाहिले. एका डब्यात काळ्या गोळ्या, दुसऱ्यातही काळ्याच. किती होत्या आणि किती उरल्या, ते देवाला ठाऊक.

सोमवारी रात्री जेवायला मार्लीसने वेलदोड्याचा पाव ठेवला. आर्लनने तो उलटा करून बघितला.

“काय शोधतोयस?”

“काही नाही. नेहमीचाच आहे ना?”

“नाही, आज त्यात नवऱ्याला मारायचं औषध घातलंय,” मार्लीस म्हणाली. “खा.”

त्याने खाल्ला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये तो डब्यात उकडलेली अंडी आणायला लागला. फक्त अंडी, आणि तीही सालीसकट. अंड्यात कोण काय घालणार? शेडच्या फ्रिजमधलं लिंबाचं फसफसणारं पाणी त्याने बंद केलं, कारण तसल्याच हिरव्या डब्यात आता गांजाचं पाणीही मिळायचं आणि दोघांवर चित्र लिंबाचंच. डुएनने चॉकलेटची वडी पुढे केली, तर हा दोन पावलं मागे सरकला. डुएनने वडी खाल्ली, बोटं चाटली आणि सगळ्यांकडे बघून भुवई उडवली. खाई त्याला खवखवे, म्हणतात. इथे न खाणाऱ्यालाच खवखवत होतं, आणि ते सगळ्या शेडला दिसत होतं.

डुएनच मंगळवारी कॉफीच्या वेळी सांगत होता, “गांजा चरबीत जाऊन बसतो. पाण्याने जात नाही, व्हिनेगरने जात नाही. घामानेच जातो. माझ्या चुलतभावाने जॅकेट घालून तीन दिवस व्यायाम केला होता.”

“मग? पास झाला?” कुणीतरी विचारलं.

“नापास झाला. पण त्याला नीट घाम यायचाच नाही.”

आर्लन घामावरच अडकला. त्याच्या आजोबांचं म्हणणं असं, की दारू, डांबर आणि सौना या तिघांनी जे बरं होत नाही ते थडग्यातच बरं होतं. डांबर रस्तेखात्यात हवं तेवढं होतं, पण ते पिता येत नाही. दारूचीही तपासणी असतेच. राहिला सौना, म्हणजे परसातली चूल पेटवून तापवायची घामाची खोली.

आता हार्जूमध्ये सौना बुधवारी आणि शनिवारी तापतो. आजोबा फिनलंडहून आले तेव्हापासून तेच वार. इतर दिवशी सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला तर शेजारी विचारतात, कोण गेलं किंवा कोण आलं? मंगळवारी संध्याकाळी आर्लनच्या धुराड्यातून धूर निघाला. डुएन त्याच रस्त्याने घरी जात होता. त्याने गाडी हळू केली, धूर बघितला, वार आठवला आणि पुढे गेला. बुधवारी सगळ्या शेडला माहीत.

“काय रे म्हाताऱ्या, पाहुणे आलेत का?”

“नाही.”

“मग सौना कुणासाठी?”

“पाठ धरली होती.”

“मंगळवारी?”

“पाठीला वार विचारून धरता येत नाही, डुएन.”

“खरं आहे,” डुएन म्हणाला. “तीही नेमकी यादी लागल्यावर धरते.”

बुधवारी सौना रीतसर होताच. तिथवर थांबला असता तर निभावलं असतं. पण मनात एकदा पाल चुकचुकली की ती गप्प बसत नाही. दोन घाम निघाले, पण चरबी जाड आहे. त्यातून मार्लीसच्या हातचं लोणी. गुरुवारी पहाटे चारला त्याने पुन्हा चूल पेटवली. बर्चची लाकडं तडतडली, तापलेल्या दगडांवर त्याने पाणी टाकलं, वाफ घेतली, पुन्हा टाकलं. पावणेसातपर्यंत तो आत होता. मग लोकरीचे दोन थर आणि जॅकेट चढवून, गाडीचा हीटर पूर्ण सोडून, तो थेट शेडमध्ये येऊन उभा राहिला. बाहेर वादळ सुरू झालं होतं. आत त्याने टोपी काढली तर डोक्यातून वाफ निघत होती.

लोरेटा आधीच आली होती. रविवारी चर्चमध्ये मुलांना गोष्टी सांगणारी ही मऊ बाई. आर्लनची दोन्ही मुलं तिच्याच मांडीवर बसून मोठी झाली. पण आठवड्याचे बाकीचे दिवस तिचा धंदाच संशयाचा. तिने संडासाच्या भांड्यात निळा रंग टाकला होता, नळाला चिकटपट्टी मारली होती, साबणाची बाटली बाहेर काढून ठेवली होती.

“खिसे रिकामे कर, आर्लन.”

रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या, चाकू निघाला. मग जॅकेटच्या आतल्या खिशातून दोन चपट्या पिशव्या निघाल्या; फोडून हलवल्या की तासन्‌तास गरम राहतात आणि हात शेकतात, तशा.

लोरेटाने त्या उचलल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. दुसऱ्याची लघवी बाटलीत भरून आणणारे ती अंगाइतकी गरम ठेवायला हेच वापरतात.

“हे काय?”

“तळ्यावर मासे धरायला जातो ना मी. हात गारठतात.”

“शेवटचा कधी गेलास?”

“रविवारी.”

“बरं,” लोरेटा म्हणाली. तिचं ‘बरं’ ऐकून चर्चमधली मुलंसुद्धा खरं बोलायला लागायची.

आर्लन आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि कप तिच्या हातात दिला. गडद, चहासारखं, जेमतेम रेघेपर्यंत. कपाच्या बाजूला तापमानाची पट्टी असते. नव्वद ते शंभर अंश फॅरनहाइटमध्ये असेल तर पट्टीवर हिरवा ठिपका उजळतो. चार मिनिटांच्या आत बघायचं असतं. लोरेटाने चष्मा वर केला, खाली केला, कप खिडकीपाशी नेला. एकही ठिपका उजळला नव्हता.

“गार झालंय का?” मुकादमाने विचारलं.

“गार नाही,” लोरेटा म्हणाली. “गरम आहे. शंभराच्या वर.”

सगळ्यांनी आर्लनकडे पाहिलं. मुकादमाने आईने हात लावावा तसा त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

“ताप आहे का तुला?”

“नाही.”

लोरेटाने नाक वर केलं. “बर्चचा धूर,” ती हळूच म्हणाली. “आज वार कोणता?”

“गुरुवार,” डुएनने मागून सांगितलं. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

आर्लनच्या बाजूने एक वाक्य होतं, की मी सौनातून थेट आलोय म्हणून गरम आहे. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: गुरुवारी सौना कशाला? त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते खिडकीतल्या डब्यात होतं आणि मार्लीसचं होतं. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ओढली.

नियम असा, की तापमान बाहेर गेलं तर तो कप सील करून पाठवायचाच, आणि लगेच दुसरा नमुना घ्यायचा, तोही कुणाच्यातरी डोळ्यांदेखत. पुरुषाचा असेल तर बघणारा पुरुष हवा. मुकादमाला वादळात गाड्या काढायच्या होत्या. त्याने चौफेर बघितलं आणि त्याची नजर कारकुनावर येऊन थांबली.

“तू जा. ही सगळी तुझीच कृपा आहे.”

तर हे सांगणारा त्या दिवशी शेडच्या संडासात आर्लन हाकालाच्या शेजारी उभा होता. आर्लनने नियमाप्रमाणे शर्ट वर केला, पँट खाली केली, एक गिरकी घेतली. कुठेही बाटली नव्हती. होता तो एकसष्ट वर्षांचा, उकडून लाल झालेला माणूस, आणि तो भिंतीकडे बघत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“तू तो कागद लावला नसतास,” आर्लन भिंतीला म्हणाला, “तर आज मी गार असतो.”

“हो,” कारकून म्हणाला.

“माझ्याकडे बघू नकोस.”

“बघायलाच लावलंय मला.”

“मग बघ, पण विचार करू नकोस.”

काही होईना. तीन दिवस घाम काढलेल्या अंगात पाणी उरलंच नव्हतं, आणि जे होतं ते पहिल्या कपात गेलं होतं. ते बाहेर आले. लोरेटाने घड्याळ लावलं. तीन तास. तेवढ्या वेळात फार तर सव्वा लिटर पाणी प्यायचं, जास्त नाही. तीन तासांत झालं नाही तर डॉक्टरकडे जायचं, आणि डॉक्टरला अंगात काही दोष दिसला नाही तर तो नकार धरला जातो. नकार म्हणजे नापास.

आर्लन बाकावर बसून पाणी प्यायला लागला. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. साडेसात वाजले. एकेक गाडी निघून गेली, फक्त आठ नंबरची उभी. शाळेने दोन तास उशिरा भरायचं जाहीर केलं होतं. पण बस केव्हातरी निघणारच होती, आणि आठ नंबरवर गुडघाभर बर्फ साचणार होता. आर्लन दर पाच मिनिटांनी उठून खिडकीशी जायचा आणि लोरेटा त्याला परत बसवायची. तिच्या नजरेआड जायची त्याला परवानगी नव्हती.

कॉरीन मीठ भरायला शेडमध्ये आली. तिने आर्लनला पाहिलं, त्याच्या हातातला कागदी पेला पाहिला, बाहेर उभी असलेली गाडी पाहिली.

“चार करून आठ मी करते,” ती म्हणाली.

“कॉरीन, चवेचाळीस मैल होतील तुला.”

“मोजता येतं मला.”

“मिलरबाईच्या फाटकापाशी नांगर जरा तिरपा...”

“आर्लन, पाणी पी.”

“एक फेरी माझ्याकडे लागली तुझी,” तो म्हणाला.

“लागली,” ती म्हणाली आणि निघून गेली.

दहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे वेळ संपायला पंधरा मिनिटं असताना, आर्लन एकदम उठला. कारकून मागे धावला. या वेळी तो भिंतीशी काही बोलला नाही. लोरेटाने कप घेतला, पट्टी बघितली. हिरवा ठिपका उजळला होता. तिने दोन बाटल्यांत ओतून सील लावलं, आर्लनने सीलवर आद्याक्षरं केली. त्याची नजर खिडकीबाहेरच्या गाडीवर होती. अक्षरं कुणाचीही वाटली असती.

“केव्हा कळेल?” त्याने विचारलं.

“चार-पाच दिवस. तोवर गाडी चालवायला तुला कुणी अडवू शकत नाही.” लोरेटाने पेटी बंद केली. जाताना तिने त्याचा खांदा थोपटला, पण थोपटतानाही तिचे डोळे खिशाकडे होते. सवयच ती.

गाडी चालवायला कुणी अडवलं नाही, हे खरं. पण शुक्रवारच्या जेवणाला आर्लनने नेलेल्या बीन्सना कुणी हात लावला नाही. डुएनने झाकण उघडून हुंगलं आणि “सौनात शिजवलेत का?” म्हणून पुन्हा लावलं. आर्लन आपली अंडी सोलत बसला. घरीही बरं नव्हतं. मार्लीस काही विचारत नव्हती, पण तो स्वयंपाकघरात शिरला की ती मागोमाग येऊन उभी राहायची. तो खिडकीकडे बघायचा. ती तो खिडकीकडे बघतो आहे हे बघायची. डबा कधी डावीकडे असायचा, कधी उजवीकडे.

मंगळवारी दुपारी मुकादमाने त्याला बोलावून सांगितलं, “दोन्ही नमुने साफ. काही सापडलं नाही.” आर्लनने खुर्ची ओढली आणि बसला. मग उठून मुकादमाशी हात मिळवला, कारकुनाशीही मिळवला. हे त्याने का केलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर मार्लीसला म्हणाला, “तपासणी होती माझी. साफ निघालो.”

“मला माहीत होतं.”

“कुणी सांगितलं? डुएनने?”

“डुएनच्या मेहुणीने तपासणी आहे म्हणून सांगितलं. साफ निघशील हे मला आधीच माहीत होतं.” मार्लीसने खिडकीतला एक डबा उचलून टेबलावर ठेवला. “मी रोज रात्री मोजते. दोन महिने झाले. माझ्या हिशेबाने यात अकरा उरायला हव्यात, अकराच आहेत. तू माझ्यातली एकही घेतलेली नाहीस.”

आर्लनने डब्यात डोकावून पाहिलं. “मोजतेस? कशाला?”

“तू खण उघडलास तेव्हा फडकी उलटी घडी घालून ठेवलीस. तेव्हापासून.” तिने डब्याचं झाकण लावलं. “मला वाटलं, तुझीही पाठ दुखते, आणि तू कधी सांगत नाहीस.”

“आणि मी शनिवारी खाल्ल्या त्या?”

“ज्येष्ठमधाच्या. दुकानदाराने जुन्या आणायच्या बंद केल्या. या नव्या भलत्याच गोड आहेत.”

“मग हे तू मला सोमवारीच का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस का?” मार्लीस म्हणाली. “तू पाव उलटा करून बघत बसलास.”

आर्लन टेबलाशी बसला. त्याने पावाचे चार तुकडे खाल्ले, चारही लोणी लावून.

बुधवारी सकाळी आर्लन हलका होऊन शेडमध्ये आला. त्याला वाटलं होतं, निकाल कळला म्हणजे संपलं. मुकादमाने सगळ्यांसमोर मुद्दाम मोठ्याने सांगितलंही, “आर्लन साफ आहे.”

“साफ असणारच!” डुएन म्हणाला. “तीन सौने! आतडीसुद्धा धुऊन निघाली असतील.”

“मी घेतलाच नव्हता,” आर्लन म्हणाला.

“बरोबर. घेतला होतास असं कोण म्हणालं?”

“डुएन, तूही साफच निघालास ना? तू कुठे सौना घेतलास?”

“मला गरजच नव्हती,” डुएन म्हणाला, आणि सगळे हसले. यावर आर्लन काय म्हणणार? तेच वाक्य त्याचंही होतं, पण त्याने ते डोक्यातून वाफ निघत असताना म्हणायला हवं होतं.

त्याच आठवड्यात नवीन लागलेले दोन ड्रायव्हर एकेकटे त्याच्यापाशी आले. एकाने विचारलं, “किती वेळ बसायचं?” दुसऱ्याने विचारलं, “लाकूड बर्चचंच लागतं का, की पाइन चालेल?” आर्लनने दोघांना हाकलून दिलं. हाकलून दिलं म्हणजे त्याला गुपित सांगायचं नाही, असं त्या दोघांनी ठरवलं. नमुना साफ आला याचा शेडने अर्थ लावला तो एवढाच, की सौना काम करतो.

हे सगळं तो सोसत होता. डुएन डुएनच आहे, पोरं पोरंच आहेत. कॉरीन मात्र यातलं काहीच बोलली नव्हती. म्हणून तिची फेरी लवकर फेडून टाकावी, असं त्याच्या मनाने घेतलं. हार्जूत कुणी तुमचा रस्ता नांगरला तर तुम्ही त्याचा नांगरता. त्याला आभार वगैरे लागत नाहीत.

“रविवारी बर्फ सांगितलाय,” तो तिला म्हणाला. “तुझा चार मी करतो. तू झोप.”

“बघू,” कॉरीन म्हणाली.

रविवारी तिने स्वतःच चार नंबर नांगरला. फेब्रुवारीत मोठं वादळ आलं तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. “माझी गाडी मलाच सवयीची आहे,” ती म्हणाली. त्याने म्हटलं, मी माझ्या गाडीने करतो. ती म्हणाली, “मग तुझा आठ कोण करेल?” तेही खरं होतं. मार्चमध्ये तिची नात आजारी पडली, तेव्हा तरी ती त्याला सांगेल असं त्याला वाटलं. तिने त्या नवीन पोरांतल्या एकाला सांगितलं. लाकूड पाइनचं चालेल का, असं विचारणाऱ्याला.

चार नंबरच्या रस्त्यावर शाळेची टेकडी आहे. कॉरीनची दोन्ही नातवंडं त्याच टेकडीवरून शाळेच्या बसने जातात, आणि तीन सौने तिनेही मोजले होते.

आर्लनने त्यानंतर एक-दोन दिवस कॉफी शेडमध्ये न घेता गाडीत बसून घेतली. मग पुन्हा आत घ्यायला लागला.

एप्रिलच्या शेवटी बर्फ गेला आणि गाड्यांचे नांगर उतरवायचे दिवस आले. दोघं शेजारी शेजारी गाड्यांखाली पाठीवर पडून बोल्ट सोडवत होती. आर्लनचा एक बोल्ट गंजून बसला होता. कॉरीनने न बोलता आपला लांब पाना त्याच्याकडे सरकवला.

“तुझी एक फेरी राहिली माझ्याकडे,” तो खालूनच म्हणाला.

तिने शेवटचा बोल्ट हाताने फिरवायला घेतला.

“पुढच्या हिवाळ्यात बघू,” कॉरीन म्हणाली, आणि तिचा नांगर धाडकन जमिनीवर बसला.